गॅरेज असताना शाळा कशाला?

१. प्रश्न बिनतोड वाटतो

मुलाला गाडीचं काम शिकायचंच असेल तर त्याला नाक्यावरच्या गॅरेजात बसवावं, वर्षभरात तयार होईल. त्यासाठी शाळेने तास, जागा आणि पैसा कशाला खर्ची घालायचा? नववीच्या वर्गाला वाहनदुरुस्ती हा विषय सुरू होणार म्हटलं की पालक हा प्रश्न विचारतातच, आणि त्यात वावगं काही नाही. आपल्याकडचे बहुतेक मेकॅनिक असेच घडले. बाराव्या पंचवार्षिक योजनेतल्या अंदाजाचा आधार घेऊन २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने एक आकडा दिला आहे: १९ ते २४ वयोगटातल्या कामकऱ्यांपैकी रीतसर व्यावसायिक शिक्षण मिळालेले भारतात ५ टक्क्यांहून कमी, जर्मनीत ७५ टक्के, दक्षिण कोरियात ९६ टक्के. हा आकडा पाहून हळहळणं सोपं आहे. पण तो उलट बाजूनेही वाचता येतो. रीतसर शिक्षण जवळजवळ शून्य असताना या देशातल्या कोट्यवधी दुचाकी चालू राहिल्या, याचं श्रेय गॅरेजातल्या उस्ताद-शागीर्द परंपरेचंच. तेव्हा शाळेची बाजू मांडायची तर आधी गॅरेज काय शिकवतं ते नीट पाहायला हवं.

गॅरेज हात घडवतं. नवा पोरगा आधी सुटे भाग रॉकेलमध्ये धुतो, पाने हातात देतो, मग चाक काढतो, ऑइल बदलतो, क्लच प्लेट टाकतो, आणि उस्तादाचा विश्वास बसला की इंजिन उघडतो. गंजलेला बोल्ट न तोडता कसा सोडवायचा, ‘मिसिंग’ करणाऱ्या इंजिनाचा आवाज कसा असतो, कुठला नट किती आवळल्यावर हाताला ‘बस’ असं कळतं, हे पुस्तकातून येत नाही. शाळेने या बाबतीत गॅरेजशी स्पर्धा करायला जाऊ नये. आठवड्याला चार-सहा तासिका मिळणाऱ्या मुलाचा हात दिवसभर राबणाऱ्या मुलाइतका वळणार नाही.

गॅरेजात नसते ती एक गोष्ट मात्र शाळेकडे भरपूर असते: चुकण्यासाठी वेळ. गॅरेजात आलेली गाडी संध्याकाळी गिऱ्हाइकाला परत द्यायची असते. तिथे पोराने तासभर चुकीच्या तर्काच्या मागे जाणं उस्तादाला परवडत नाही. तो म्हणतो, ‘बाजूला हो, सीडीआय बदल.’ गाडी सुरू होते आणि सीडीआय, म्हणजे ठिणगी नियंत्रित करणारा भाग, का गेला हा प्रश्न तसाच राहतो. पोरगा एक उत्तर शिकतो, ते उत्तर सापडलं कसं हे शिकत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शाळेने हे दुसरं काम उचलावं. वाहनदुरुस्तीचा शालेय अभ्यासक्रम भागांच्या नावांभोवती रचायचा नाही, बिघाड शोधण्याच्या रीतीभोवती रचायचा.

२. वाजत नसलेला हॉर्न

बिघाड शोधण्याची रीत म्हणजे काय, हे साध्या उदाहरणाने पाहू. मोटारसायकलचा हॉर्न वाजत नाही. बॅटरीपासून हॉर्नपर्यंत आणि तिथून परत येणाऱ्या वाटेवर फ्यूज, चावीचं लॉक, कपलर, बटण, स्वतः हॉर्न, त्याचं अर्थिंग असे एकूण आठ टप्पे आहेत आणि त्यातला एकच तुटला आहे असं समजा. एका टोकाकडून सुरुवात केली आणि नशीब फिरलं असेल तर सात वेळा तपासल्यावर कळेल की दोष शेवटच्या टप्प्यात आहे. आता वेगळं करू. बटण दाबून ठेवायचं आणि मल्टिमीटरचा एक दांडा बॅटरीच्या ऋण टोकाला, दुसरा वाटेच्या बरोबर मधे लावायचा. तिथे व्होल्टेज पोचत असेल तर पहिले चार टप्पे निर्दोष, नसेल तर दोष त्याच चारांत. एका तपासणीत अर्धी वाट निकालात निघाली. उरलेल्या चारांच्या मधे दुसरी तपासणी, उरलेल्या दोनांच्या मधे तिसरी, आणि दोष सापडला. आठ टप्प्यांना तीन तपासण्या, सोळांना चार, बत्तिसांना पाच. टप्पे दुप्पट झाले तरी काम एकानेच वाढतं.

अनेक हुशार मेकॅनिक हे आपसूक करतात, पण शागिर्दाला ते रीत म्हणून क्वचितच सांगितलं जातं. शाळेत ते फळ्यावर मांडता येतं, आणि मग त्याच दुपारी खऱ्या हॉर्नवर करून पाहता येतं. विज्ञानाच्या पुस्तकातला ओहमचा नियम इथे पहिल्यांदा कामाला लागतो. समजा तक्रार अशी आहे की हेडलाइट मंद आहे. इंजिन चालू असताना बॅटरीच्या दोन टोकांवर १४ व्होल्ट दिसतात, पण बल्बच्या दोन टोकांमध्ये ११.५. म्हणजे २.५ व्होल्ट वाटेत हरवले. बल्बचा रोध फारसा बदलत नाही असं धरलं तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते, ११.५ भागिले १४, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ०.६७. बल्बला एक तृतीयांश शक्ती कमी मिळते आहे. आता दांडा बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरा बल्बच्या अर्थच्या तारेला लावला आणि मीटरने २.३ व्होल्ट दाखवले, तर दोष उघड झाला. तिथे जवळजवळ शून्य दिसायला हवं. अर्थची जोडणी गंजली आहे, सॅंडपेपर आणि एक नवा वायसर एवढाच खर्च.

हे न कळणारा माणूस काय करतो? जास्त वॅटचा बल्ब टाकतो. मोठा बल्ब जास्त करंट ओढतो, गंजलेल्या सांध्यावर आणखी व्होल्टेज हरवतं, सांधा तापतो, आणि काही महिन्यांनी होल्डर वितळतो. मग गाडीत ‘वायरिंगचा प्रॉब्लेम’ आहे असं ठरतं.

मोजणं फक्त विजेच्या बाबतीत नसतं. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये बसणारा १४ मिलिमीटरचा स्पार्क प्लग साधारण २५ ते ३० न्यूटन-मीटरला आवळायचा असतो. पाव मीटर लांबीच्या पान्याला टोकाशी १०० ते १२० न्यूटन जोर लावला की तेवढं होतं. म्हणजे दहा-बारा किलोचं वजन टांगल्याइतका जोर. पान्याला पाइप लावून लांबी दुप्पट केली आणि जोर तोच ठेवला तर आवळण दुप्पट होते, आणि पुढच्या सर्व्हिसिंगला प्लगबरोबर हेडचे आटेही बाहेर येतात. खालच्या वर्गात तरफ शिकलेल्या मुलाला हे गणित नवं नाही. त्याने ते पान्याला लावून पाहिलेलं नसतं, इतकंच.

३. गाडीने कोड दिला, मग विचार कशाला?

वीस वर्षांपूर्वी हा युक्तिवाद काहीसा पुस्तकी वाटला असता. कार्बोरेटर उघडून साफ करावा, प्लगची गॅप पाहावी, पॉइंट घासावे. निदान आणि दुरुस्ती यांत फारसं अंतर नव्हतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. भारताने बीएस-४ वरून पाचवी पायरी वगळून थेट सहावीवर उडी घेतली होती. या एका उडीने बहुतेक दुचाकींचा कार्बोरेटर गेला आणि त्याच्या जागी फ्यूएल इंजेक्शन, सेन्सर आणि ईसीयू नावाचा छोटा संगणक आला. आता शंभर सीसीच्या गाडीलाही स्कॅनर लावता येतो.

इथे लोकांचा असा समज होतो की गाडी आता आपला आजार आपणच सांगते, तेव्हा मेकॅनिकला विचार करण्याची गरज उरली नाही. प्रत्यक्षात उलट घडलं आहे, आणि हा मुद्दा सावकाश समजून घेण्यासारखा आहे. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाच्या हिशेबाने एका भागाला सुमारे १४.७ भाग हवा लागते. हे प्रमाण राखायचं कसं? सायलेन्सरच्या वाटेवर ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. जळून बाहेर पडणाऱ्या धुरात ऑक्सिजन किती उरला हे तो ईसीयूला कळवतो. स्वयंपाक करणारी बाई आमटी चाखते आणि मीठ कमी लागलं तर चिमूटभर टाकते, तसं ईसीयू धूर ‘चाखून’ पुढच्या क्षणी पेट्रोल किंचित वाढवतो किंवा घटवतो. हे दर सेकंदाला चालू असतं. आता ईसीयू पेट्रोल वाढवत राहिला, आपल्या मर्यादेपर्यंत वाढवलं, तरी धुरात ऑक्सिजन जास्तच दिसतो आहे असं झालं, की तो चेक इंजिनचा दिवा लावतो आणि एक कोड साठवतो. मोटारींमध्ये हा कोड पी०१७१ असतो. अर्थ: मिश्रणात पेट्रोल कमी पडतं आहे.

स्कॅनरवर हा कोड पाहून ऑक्सिजन सेन्सर बदलणारे मेकॅनिक कमी नाहीत. सेन्सरने तर प्रामाणिकपणे सांगितलं होतं की ऑक्सिजन जास्त आहे. तो जास्त का आहे, याची कारणं भलतीकडेच असू शकतात: इनटेक पाइपला चीर पडून न मोजलेली हवा आत शिरत असेल, पेट्रोल पंप पुरेसा दाब देत नसेल, इंजेक्टर चोंदला असेल, किंवा सायलेन्सरचा सांधा गळून बाहेरची हवा सेन्सरपर्यंत पोचत असेल. कोड लक्षणाचं नाव सांगतो. भागाचं नाव माणसाला शोधावं लागतं, आणि ते शोधताना हॉर्नच्या उदाहरणातलीच रीत वापरावी लागते: शक्यता मांडायच्या, एका तपासणीत त्यातल्या जास्तीत जास्त बाद होतील अशी तपासणी निवडायची, आणि मोजल्याशिवाय काही बदलायचं नाही. इंजिन आयडलवर असताना मिश्रण फार पातळ आणि रेस केल्यावर जवळजवळ ठीक दिसत असेल तर संशय हवेच्या गळतीवर जातो, कारण इंजिन थोडीच हवा ओढत असताना चिरेतून येणारी हवा प्रमाणाने मोठी ठरते. उलट रेस केल्यावर पातळ होत असेल तर पेट्रोलचा पुरवठा तपासायचा. चुकीचा अंदाज पूर्वी गॅस्केटच्या किमतीचा होता, आता सेन्सरच्या किमतीचा आहे. तो गिऱ्हाइकाच्या खिशातून जातो.

जर्मनीत हा बदल आधी ओळखला गेला. तिथे वाहनाचा मेकॅनिक आणि वाहनाचा इलेक्ट्रिशियन हे वेगवेगळे धंदे होते आणि त्यांची प्रशिक्षणंही वेगळी होती. २००३ मध्ये दोन्ही एकत्र करून ‘मेकाट्रोनिकर’ हा एकच व्यवसाय केला गेला. त्याचं प्रशिक्षण साडेतीन वर्षांचं असतं. आठवड्यातले बहुतेक दिवस वर्कशॉपमध्ये, उरलेले व्यवसाय-शाळेत. यात आपल्याला घेण्यासारखी गोष्ट कालावधीची नाही. वर्कशॉप असतानाही शाळा लागते, हे त्यांनी गृहीत धरलं आहे, आणि शाळेतले ते एक-दोन दिवस वर्कशॉपची नक्कल करण्यात घालवले जात नाहीत.

४. आपल्याकडे काय आहे

आपल्याकडे काहीच नाही असं नाही. महाराष्ट्रात अकरावी-बारावीला द्विलक्षी अभ्यासक्रम अनेक वर्षं चालू आहे आणि ‘स्कूटर अँड मोटारसायकल सर्व्हिसिंग’ हा त्यातला २०० गुणांचा विषय आहे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर किमान कौशल्यांवर आधारित अभ्यासक्रम, म्हणजे एमसीव्हीसी, आला आणि त्यातही वाहनाचं काम होतं. २०१३ मध्ये राष्ट्रीय कौशल्य पात्रता आराखडा अधिसूचित झाल्यावर नववीपासून ऑटोमोटिव्ह हा विषय निवडण्याची सोय झाली. सीबीएसईकडे तो नववी-दहावीला आहे, ५० गुण लेखी आणि ५० गुण प्रात्यक्षिकाचे.

अडचण रचनेची आहे. इंजिनचे प्रकार, चेसिसचे भाग, कूलिंग यंत्रणा, लुब्रिकेशन यंत्रणा अशी प्रकरणं एकामागून एक येतात. प्रश्न येतो तो आकृती काढून भागांना नावं द्या असा. मुलगा चार-स्ट्रोक इंजिनची सुबक आकृती काढतो, पण न सुरू होणाऱ्या गाडीसमोर उभा केला तर पहिला हात कशाला घालायचा हे त्याला ठरवता येत नाही. खरं तर न सुरू होणाऱ्या पेट्रोल गाडीला तीनच मोठे प्रश्न विचारायचे असतात: पेट्रोल येतं का, ठिणगी पडते का, कॉम्प्रेशन आहे का. सगळा अभ्यासक्रम या तीन प्रश्नांच्या फांद्यांवर टांगता येतो. कूलिंग यंत्रणाही मग ‘इंजिन का तापतं’ या तक्रारीतून येते आणि लक्षात राहते. क्यूबिक कपॅसिटीची व्याख्या पाठ करण्याऐवजी वर्गातल्याच गाडीचा सिलिंडर मोजायचा: व्यास ५० मिलिमीटर, स्ट्रोक ४९.५, त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय गुणिले स्ट्रोक, आणि ९७.२ सीसी निघतात. शंभर सीसी म्हणून विकल्या जाणाऱ्या गाडीच्या कागदावर हाच आकडा का छापलेला असतो, ते सांगावं लागत नाही.

दुसरी अडचण मनाची आहे. सीबीएसईत कौशल्याचा विषय सहावा म्हणून घेतला आणि दहावीला गणित, विज्ञान किंवा सामाजिक शास्त्र यांतल्या एकात नापास झाल्यास त्याची जागा तो विषय घेऊ शकतो. ही सवलत मुलांच्या भल्यासाठीच आहे. पण तिने विषयाला विम्याची पॉलिसी करून टाकलं आहे. हप्ता भरायचा, वापरायची वेळ न येवो अशी इच्छा धरायची.

५. सगळ्यात जड आक्षेप

आतापर्यंतच्या शंका पैशाच्या आणि सोयीच्या होत्या. खरा आक्षेप वेगळा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही: शाळेत हाताचं काम आणलं की ते कुणाच्या मुलांच्या वाट्याला जातं? या शंकेमागे इतिहास आहे. १९५३ मध्ये मद्रास राज्याचे मुख्यमंत्री राजाजी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा धंदा शिकावा अशी योजना आणली. जातीने ठरलेला धंदा शाळेच्या शिक्क्यानिशी पुढच्या पिढीवर लादण्याचा हा प्रकार आहे, असं म्हणत पेरियार आणि द्रविड चळवळीने तिला ‘कुलकल्वी’, म्हणजे कुळाचं शिक्षण, असं नाव दिलं. १९५४ मध्ये राजाजी पायउतार झाले आणि त्यांच्या जागी आलेल्या कामराजांनी योजना मागे घेतली.

अमेरिकेत हा वाद चाळीस वर्षं आधी झाला होता. शिक्षण-प्रशासक डेव्हिड स्नेडन यांचं म्हणणं होतं की कारखान्यात जाणाऱ्या मुलांसाठी व्यावसायिक शिक्षण वेगळं आणि कार्यक्षम असावं. तत्त्वज्ञ जॉन ड्युई यांनी १९१५ मध्ये त्यांना उत्तर दिलं. मुलांना आहे त्या उद्योगव्यवस्थेत फक्त बसवून देणारं शिक्षण ड्युईंना नको होतं. उद्योग समजून घेऊन तो बदलू शकणारी माणसं त्यांना हवी होती. (याच सुमाराला कोलंबिया विद्यापीठात ड्युईंच्या वर्गात भीमराव आंबेडकर बसत होते, ही नोंद आपल्या वाचकांना महत्त्वाची वाटेल.) जिंकले स्नेडन. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने अमेरिकी हायस्कुलांतल्या व्यावसायिक शिक्षणाला केंद्राचा पैसा दिला, आणि वेगळी वाट पक्की झाली. हायस्कूलचा ‘ऑटो शॉप’ तिथल्या शाळांमध्ये रुजला तो याच वातावरणात. १९८५ मध्ये जेनी ओक्स यांनी ‘कीपिंग ट्रॅक’ या पुस्तकात दाखवलं की शाळेतल्या खालच्या वाटांवर गरीब आणि अल्पसंख्य मुलांची गर्दी होते, आणि त्या वाटांवर विचार करायला लावणारं काम कमी मिळतं.

हा पुरावा मान्य करूनच पुढे जायला हवं. माझ्या मते तो वाहनदुरुस्तीच्या विरोधात जात नाही; विचार काढून घेतलेल्या वाहनदुरुस्तीच्या विरोधात जातो. भागांची नावं आणि ठरलेल्या कृती शिकवणारा वर्ग खरोखर मुलाला एका पायरीवर खिळवतो. वर सांगितलेलं निदान शिकवणारा वर्ग भौतिकशास्त्राचं आणि तर्काचं काम करतो, आणि ते काम कुणाही मुलाच्या उपयोगी पडतं. १९३७ च्या वर्धा परिषदेत मांडलेल्या गांधीजींच्या नई तालीमचा गाभाही धंदा शिकवणं हा नव्हता. कामातून गणित, विज्ञान, समाज शिकणं हा होता. पुढे बऱ्याच शाळांत सूतकताईची तकली राहिली आणि गणित सुटलं, हा दोष त्या कल्पनेचा म्हणता येणार नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला १९८३ मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला आणि ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ हा विषय आठवी ते दहावीच्या शाळांत नेला. त्यात मुलं वर्गासाठी खोट्या वस्तू करत नाहीत, गावाला लागणाऱ्या सेवा देत शिकतात, आणि हा विषय वर्गातल्या सगळ्यांना असतो.

सगळ्यांना, हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. नववी-दहावीला वाहनदुरुस्ती ‘कच्च्या’ मुलांची वेगळी तुकडी करून शिकवली तर पेरियारांचा आक्षेप जसाच्या तसा लागू पडतो. अकरावीनंतर निवड असू द्यावी, पण निवडीने दार बंद होता कामा नये. या बाबतीत आपल्या द्विलक्षीची रचना फार शहाणपणाची आहे. दुसरी भाषा आणि एक ऐच्छिक विषय सोडून मुलगा व्यवसाय-विषय घेतो, पण भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित राहतं, त्यामुळे इंजिनिअरिंगची वाट मोकळी असते. उलट टीका अशी होते की पुष्कळ मुलं गुणांच्या सोयीसाठी द्विलक्षी घेतात आणि पुढे पाना हातात धरत नाहीत. मला त्यात तक्रार करण्यासारखं फारसं दिसत नाही. मल्टिमीटर वापरता येणारा सिव्हिल इंजिनिअर ही काही वाया गेलेली गुंतवणूक नव्हे.

६. गाड्या तर इलेक्ट्रिक होणार

हा आक्षेप लवकर निकालात काढता येतो. इलेक्ट्रिक स्कूटरला ऑइल, प्लग, व्हॉल्व्ह लागत नाहीत हे खरं. ब्रेक, टायर, बेअरिंग, सस्पेन्शन, हॉर्न, दिवे आणि गंजणारे सांधे तिलाही आहेत. शिवाय तिचे बहुतेक बिघाड विजेचे असल्यामुळे वाट निम्मी-निम्मी करत शोधण्याची रीत तिथे जास्तच चालते. प्रकरणं भागांवर रचलेली असतील तर इलेक्ट्रिक गाडीने निम्मं पुस्तक बाद होईल. तक्रारींवर रचलेली असतील तर ‘गाडी सुरू होत नाही’ हे प्रकरण राहील आणि त्यातल्या फांद्या बदलतील. एक मर्यादा मात्र स्पष्ट हवी. इलेक्ट्रिक मोटारींच्या बॅटऱ्या शेकडो व्होल्टच्या असतात, त्यांच्या तारांवर नारिंगी आवरण असतं, आणि शाळकरी मुलाने त्यांना हात लावायचं काही कारण नाही. शाळेचं काम १२ व्होल्टच्या बाजूपुरतं आणि दुचाकीपुरतं ठेवलं तरी दोन वर्षं पुरून उरेल.

७. शाळेला काय लागेल

लिफ्ट आणि कॉम्प्रेसरवाली चकचकीत प्रयोगशाळा लागत नाही. दोन-तीन मुलांमागे एक मल्टिमीटर, एक टेस्ट लॅम्प, एक टॉर्क रेंच, कॉम्प्रेशन गेज, पान्यांचे संच, एक जुनी कार्बोरेटरची आणि एक इंजेक्शनची दुचाकी. महत्त्वाचं एवढंच की दोन्ही चालू स्थितीत हव्यात. कापून रंगवून ठेवलेलं इंजिन पाहायला छान असतं, पण त्यात बिघाड करता येत नाही, आणि या विषयाचा प्रयोग म्हणजे मुद्दाम केलेला बिघाड. आदल्या दिवशी शिक्षक फ्यूजखाली प्लास्टिकचा तुकडा सरकवतो, कपलरमधली एक पिन वाकवतो, एअर फिल्टरमध्ये कापड कोंबतो. सकाळी मुलांना फक्त गिऱ्हाइकाची तक्रार मिळते.

हे करू शकणारा शिक्षक कुठून आणायचा? डिप्लोमाधारकाला सिद्धांत येतो, गॅरेजवाल्याला बिघाडांचं भांडार ठाऊक असतं, आणि एकाच माणसात दोन्ही क्वचित सापडतं. गावातल्या अनुभवी मेकॅनिकला मानधन देऊन आठवड्यातून एक दुपार बोलावलं तर गॅरेज आणि शाळा यांचं जे भांडण सुरुवातीच्या प्रश्नात गृहीत धरलं आहे ते बरंच मिटतं. पदवी नसलेला माणूस वर्गात कसा, ही हरकत येईल. ती पगारपत्रकाची हरकत आहे, शिक्षणाची नव्हे.

सुरक्षिततेबाबत शाळा गॅरेजपेक्षा निःसंशय वरचढ असायला हवी. बालकामगार कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलांना जवळजवळ सर्वच कामांवर ठेवण्याची बंदी केली आणि १८ पर्यंत धोकादायक कामांना मनाई केली, तरी पाने देणारे ‘छोटू’ रस्त्यावर दिसतातच. ब्रेक ड्रममधली धूळ हवेच्या झोताने उडवायची नाही, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. चार्ज होणाऱ्या बॅटरीजवळ ठिणगी नको, कारण तिथे हायड्रोजन सुटतो. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरायचं नाही. गॅरेजात या गोष्टी कुणी सांगत नाही. पुढे स्वतःचं गॅरेज काढणारा मुलगा त्या घेऊन गेला तर त्याच्या शागिर्दांनाही त्याचा उपयोग होईल.

राहिली परीक्षा, कारण आपल्याकडे जे परीक्षेत नसतं ते शिकवलं जात नाही. प्रात्यक्षिकाच्या ५० गुणांपैकी निम्मे तरी निदानाच्या कागदाला द्यावेत. मुलाने एका पानावर लिहायचं: तक्रार काय, मला सुचलेल्या शक्यता कोणत्या, पहिली तपासणी कोणती आणि तीच का निवडली, मीटरने काय दाखवलं, त्यावरून कोणत्या शक्यता बाद झाल्या. दोष सापडला नाही तरी कागद नीट असेल तर गुण मिळावेत. भाग बदलून गाडी सुरू केली पण कागद कोरा असेल तर कमी. बाहेरून येणाऱ्या परीक्षकाला हे तपासायला वेळ लागेल आणि ‘गाडी सुरू झाली का’ एवढंच विचारणं सोपं वाटेल. म्हणून हा कागद वर्षभराच्या वहीत हवा, परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा नको.

मुलासाठी हा विषय निवडावा का, असा विचार करणाऱ्या पालकांना शाळेत गेल्यावर फार काही विचारावं लागणार नाही. वर्कशॉपमधली गाडी सुरू करून दाखवा म्हणावं. मल्टिमीटर कपाटात कुलूपबंद आहेत की बाकांवर आहेत ते पाहावं. मग मागच्या वर्षीच्या एखाद्या मुलाची वही मागावी आणि तिच्यात आकृत्या किती आहेत आणि मोजलेले आकडे किती, ते चाळून पाहावं.